वर भट्टी, खाली गारठा

१४ एप्रिल, रविवार

हे घर आहे की तमाशा! वर लेक प्रिया घामानं निथळतेय आणि खाली मामंजी स्वेटर घालून बसलेत. एप्रिलात! हैदराबादच्या एप्रिलात!

खालचा मजला जुना, दगडी. भिंती एवढ्या जाड की ऊन आत शिरतच नाही. वरचा मामंजींनी मागाहून आपल्या पगारातून चढवला — बारीक भिंती, डोक्यावर नुसता स्लॅब. आम्ही तिघं वर भाजून निघतोय, सासरे खाली कुडकुडतायत. संक्रांतीला घातलेला स्वेटर अजून अंगावरून उतरलेला नाही.

शिवराजला म्हटलं, काहीतरी कर. "बघू." लग्न झाल्यापासून हा माणूस बघतोच आहे!

१६ एप्रिल, मंगळवार

मिस्त्री गच्ची बघून गेला. पांढरा चुना मारला की वरचा मजला थंड होईल म्हणतो. "कल सुबू आतूं अम्मा, पक्का."

१७ एप्रिल

आला नाही.

१८ एप्रिल

आला नाही. फोनही उचलत नाही मेला.

२१ एप्रिल, रविवार

बेगम बाजारातून मीच चुना आणला. प्रियाला घेऊन गच्चीवर चढले आणि झाडूनं फासला. हाताची सालटी निघाली. शिवराज खालून विचारतोय, "जमतंय का?" जमतंय म्हणे!

वर खोलीत वाळ्याचे पडदेही लावले. वास छान येतो. उकाडा आहे तिथेच आहे.

खाली मामंजींना गरम पाण्याची पिशवी दिली. "नको नको, तुला कशाला त्रास," म्हणाले आणि पोटाशी घट्ट धरून बसले. दोन घास खाऊन ताट सरकवलं. ते बघवत नाही मला. उकाड्याचं एवढं काही नाही, आपण सोसतो. पण ह्या माणसाला ऊब मिळत नाही आणि मला ती देता येत नाही.

२३ एप्रिल, मंगळवार

हिमायतनगरच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त, लघवी, सगळं ठीक. "वय झालंय अम्मा, थंडी वाजायचीच." एवढं ऐकायला दुपारभर बसलो.

२५ एप्रिल, गुरुवार

शेवटी अक्कल चालवली ती प्रियानं. "मम्मी, सिंपल आहे ना! आबांना वर न्या, आपण खाली येऊ."

इतके दिवस आमच्या डोक्यात कसं आलं नाही!

मामंजींना सांगितलं तर हसत सुटले. "एवढ्यात वर पाठवताय होय मला?" मी म्हटलं, मामंजी, असलं काही बोलायचं नाही! मग गंभीर झाले. "गुडघे बघ माझे. एकदा वर चढलो की उतरायचा नाही मी."

डॉक्टरांना फोन केला, ऊन बाधेल का म्हणून. पाणी पाजत राहा, लक्ष ठेवा म्हणाले.

२८ एप्रिल, रविवार

नेलं! खुर्चीत बसवून शिवराज आणि शेजारच्या अनिकेतनं उचललं. मामंजी सगळा जिनाभर ओरडतायत — "हळू रे! भिंत खरवडेल! मी बांधलीय ती!" भिंतीची काळजी, स्वतःची नाही.

नांदेडला नणंदेला फोन लावला. उत्साहाच्या भरात बोलून गेले, "अलकाताई, मामंजी वर गेले!" पलीकडून जी किंकाळी आली! अहो वर म्हणजे माडीवर, माडीवर! रडता रडता मला एवढ्या शिव्या घातल्या त्यांनी. मामंजींना सांगितलं तर हसून हसून ठसका लागला.

२९ एप्रिल, सोमवार

स्वेटर काढला!! स्वतःहून! खुंटीला लावला आणि म्हणाले, "माझ्या माडीला भट्टी म्हणत होतात ना?"

३० एप्रिल

दोन वाट्या आमरस. तिसरी मागितली. मी दिली नाही, मग चोरून प्रियानं दिली. आम्ही खाली गाढ झोपतोय. शिवराज म्हणतो, मी म्हणतच होतो. कधी म्हणाला होतास रे बाबा? असो. आज कुणावर चिडायचंच नाही.

३ मे, शुक्रवार

पंखा बंद करा म्हणाले. केला. आमरस अर्धा राहिला. कालही जास्त झाला असेल.

५ मे, रविवार

भर दुपारी ताक घेऊन वर गेले. जिन्याच्या कठड्याचा हाताला चटका बसला. खोलीत पाऊल ठेवलं आणि दरदरून घाम फुटला. मामंजी भिंतीला टेकून बसलेले, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. पाय चेपायला हात लावला तर गार.

"माधवी, माझी शाल खालीच राहिली का गं?"

शाल घ्यायला खाली आले. घेतली, आणि चढवेना. जिन्यातच बसले. याच्या वर आता कुठे नेऊ मी त्यांना?