डोपामिनच्या शेंगा

८ डिसेंबर, सोमवार

नात ऋतिका फार्मसीच्या कॉलेजात जाती, म्हणून घरात सगळ्यांना औषधं सांगती. आज मला म्हणली, आजी, तुझं डोपामिन बिघडलंय. मी म्हणलं, असंल, तुझ्या आईच्या हातचं खाऊन काय काय बिघडंल. डोपामिन म्हणजे मेंदूतली हौस म्हणे, आन् मी ती दिवसभर मोबाईलवर रील बघून उडवती.

लेक नानासाहेब वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट करून आला, त्यानं नेमकं तेवढंच ऐकलं. म्हणला, आठ दिवसांत मोबाईल सुटला नाय तर आईला कन्नडला ठेवू, कारभारीच्या शेतावर. तिथं रेंज नाय. कारभारी माझा धाकटा. तिथं धाकटी सून हाय, आन् तिचं तोंड माझ्यासारखं. एका घरात दोन कशाला? मी जाणार नाय.

उद्यापासून मोबाईल बंद. माझा शब्द म्हणजे शब्द.

९ डिसेंबर

सकाळचं कोवळं ऊन घ्यायचं, असं ऋतिकानं सांगितलं. गच्चीवर घेतलं. डोळे आपोआप मिटले, त्याला मी काय करू. सून जेवायला उठवायला आली. एवढं ऊन गल्लीत कुणी घेतलं नसंल.

संध्याकाळी चालायचं होतं. जैतुनबीच्या ओट्यापर्यंत चालले. भिंतीला भिंत हाय, पण चाल ती चालच. मोबाईलला हात लावला नाय. जैतुनबीच्या मोबाईलवर बघितलं. डोपामिन तिचं गेलं, माझं नाय.

१० डिसेंबर

अंडी, हरभरे, शेंगदाणे खायचे. शेंगदाणे खाल्ले, गुळासंगं. गूळ सांगितला नव्हता, पण नुसतं शेळी खाती. लवकर झोपायचं होतं. मालिका संपेना.

तब्येतीत लई फरक.

११ डिसेंबर

ऋतिकाच्या टेबलावर डोपामिनच्या गोळ्यांची डबी. म्हणली, आजी, तू बीपीची गोळी घेती, डॉक्टरला विचारल्याबिगर डबीला हात लावायचा नाय. बरं. डबीवर शेंगेचं चित्र. बघते तर आपली खाजकुइली! कन्नडच्या घाटात तिला कुत्रं विचारत नाय. इथं डबीत भरून विकतेत, आन् शिकलेले घेतेत.

कारभारीला फोन लावला. मोबाईलला हात लागला, पण औषधापायी. म्हणलं, पोतंभर शेंगा धाड. तो म्हणला, आई, तिच्यावर कुसं असतेत, अंगाला लागली की माणूस नाचतो. मी म्हणलं, मला शिकवतो का? तू जन्मला नव्हता तवापासून मला ठाऊक हाय.

डबीला हात लावला नाय.

१४ डिसेंबर, रविवार

कारभारीचा गडी सांडू जीपनं पोतं घेऊन आला. दोन्ही हातांनी खाजवत होता. पोतं टाकलं आन् गेला. चहा विचारायचा राहिला.

गच्चीवर बसले. हाताला पिशव्या बांधल्या, मी काय अडाणी नाय. शेंगा काठीनं बडवल्या. वारा सुटला. बाजूला दोरीवर सुनेनं समद्यांचे कपडे वाळू घातलेले. वारा काय मी सोडला?

१५ डिसेंबर, दुपार

नाना कंपनीचा शर्ट घालून शिफ्टच्या बसमध्ये बसला. वाळूज येईस्तोवर शेजारचे, पुढचे, मागचे, समदे खाजवायला लागले. कंपनीच्या गेटवरूनच परत धाडलं त्याला. सून खाजवती. ऋतिका रडत खाजवती. जैतुनबी भिंतीपलीकडून मला नावं ठेवती, आधी मराठीत, मग तिच्या बोलीत, कारण मराठी पुरंना.

नळाला पाणी परवा.

मी म्हणलं, शेण चोळा, जुना उपाय हाय. नानानं चौकातल्या गाईचं शेण आणलं आन् माझ्याकडं बघत चोळलं. चोळता चोळता म्हणला, आता मोबाईल सुटो न सुटो, उद्याच्या एसटीनं कन्नड.

ऋतिकानं तोंडाला फडकं बांधून पोतं पुरलं. एक बी पोटात गेली नाय. म्हणून तर गुण आला नाय.

मला खाज नाय. थोडी पाठीला. भिंतीला घासत लिहिती.

१६ डिसेंबर

गाठोडं बांधलं. नानानं कारभारीला फोन लावला. मी दाराआड होते. मुद्दाम नाय, दार तिथंच हाय.

नाना म्हणला, आईला बसवून देतो, स्टँडवर उतरून घे. कारभारी म्हणला, दादा, पाया पडतो. शेंगा तोडल्या तवापासून मी उघडा बसलोय. जीपवाला सांडूला दिसंल तिथं मारायला धावतो. थोरला तू हाय, आई तुझ्याकडंच शोभती. नाना म्हणला, जमीन तू ठेवली ना, मग आईबी तूच ठेव. कारभारी म्हणला, जमीन घे, पण आई धाडू नको.

लई वेळ चाललं. नाना ओरडला, कारभारी त्याहून ओरडला.

जैतुनबीला भिंतीवरून सांगितलं, बघ, दोन लेकं आईपायी भांडतेत. जीव असावा तर असा. ती खाजवत घरात गेली.

शेवटी नाना हरला. मी इथंच राहणार.