पिशवीतला डबा

मंगळवार, ८ फेब्रुवारी १९८३, संध्याकाळ

सुमी आज बालवाडीत पहिल्यांदा सलग दोन वाक्यं बोलली. जूनमध्ये घातली तेव्हा नुसतं "माझं मी" एवढंच यायचं, फ्रॉकची बटणं लावतानासुद्धा तेच. आज बाईंनी सगळ्यांना विचारलं, बाबा काय करतात? बाकीची पोरं म्हणाली, घरी असतात. गिरण्यांचा संप चालू आहे, दुसरं काय सांगणार. मी न्यायला गेले तर बाई कौतुकाने म्हणाल्या, "सुमी, आईला म्हणून दाखव." आणि सगळ्या आयांसमोर ती म्हणाली, "माझे बाबा गिरणीत जातात. आई डबा कपड्यांच्या पिशवीत लपवते."

आठच दिवस झाले ह्यांना गुपचूप कामावर जायला लागून. चाळीत सांगितलंय, रे रोडला लाकडाच्या वखारीत लागलेत. पण गिरणीच्या वाटेवर हातात डबा दिसला की संपवाले अडवतात, म्हणून तो पिशवीत. पहाटे डबा भरते तेव्हा ती झोपलेली असते ना? की बघत असते?

शेजारच्या इंदूवहिनी तिथेच उभ्या होत्या. त्यांचा नवरा वर्षभर घरी बसलाय, पण संप मोडून आत गेला नाही. त्या सुमीकडे बघून एवढंच म्हणाल्या, "चेडू बरा बोलूक लागला गो." रोज आम्ही बरोबर परततो. आज त्या पुढे निघून गेल्या.

हे आता येतील, तीच पिशवी खांद्याला लावून. काय सांगू?

जिच्या मागे बोल, बोल म्हणून लागले, तिच्या तोंडावर आज भर रस्त्यात मी हात ठेवला. तिने तो बाजूला केला. म्हणाली, "माझं मी बोलणार."