ब्रेकवरचा पाय

४ मार्च

नापास! मी नव्हे, त्या बाई. गाडी फाटकाशी तिरकी लावली, मागचं चाक फुटपाथवर. वीस वर्षं लोकांना गाडी शिकवतेय, जीभ आवरली नाही. "परत मागे घ्या, आणि आरशात बघा जरा." त्यांनी निमूटपणे घेतली. मग हातात जाडजूड फाइल घेऊन उतरल्या— आमचं घर तपासायला आलेल्या मॅडम याच! नवरा दारात कपाळाला हात लावून उभा.

६ मार्च

सत्तावीस पानी फॉर्म. दत्तक नाही घेत आहोत— एखाद्या मुलाचं स्वतःचं घर सावरेपर्यंत ते आमच्याकडे राहणार, मग परत. तेवढ्यासाठी पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, दोन ओळखीच्यांची पत्रं. 'राग आल्यावर काय करता?' माझ्या रकान्यात नवऱ्याने लिहिलं, 'सल्ले देते.' खोडाखोड चालत नाही म्हणे. राहिलं तसंच.

१५ मार्च

औषधांच्या कपाटाला कुलूप हवं, असा नियम. लावलं. किल्ली मुलांना सापडणार नाही अशा जागी ठेवली. आज मॅडम बघायला आल्या, तर आम्हालाही सापडेना! नवरा स्टुलावर, मी पलंगाखाली. शेवटी पिठाच्या डब्यात निघाली. मॅडम हसल्या आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

१६ मार्च

काय लिहिलं असेल?

२ एप्रिल

शेजारच्या काकूंकडेही चौकशी झाली. काकू खूश. "तुमची खूप स्तुती केली हो! म्हटलं, भांडतात, पण खिडक्या लावून."

झालं कल्याण.

वरची खोली रंगवून तीन आठवडे झाले. रोज दार उघडून बघते, बंद करते. नाही म्हणाले तर त्या खोलीचं काय करायचं? मला हे हवंय. फार हवंय. इथे लिहिते, बाहेर बोलणार नाही.

२० एप्रिल

मॅडमच्या ऑफिसात आम्हा दोघांची मुलाखत. "मूल परत जाईल तेव्हा काय कराल?" मी तयारच होते! म्हटलं, "माझे सगळे विद्यार्थी जाण्यासाठीच येतात. गाडी चालवता आली की मी उतरते." उत्तर काय झकास दिलं! नवरा नुसता टेबलावरचा पेपरवेट फिरवत होता.

येताना गाडी तो चालवत होता. पुढे एक सायकल आडवी आली आणि माझा उजवा पाय खाली गच्च. शिकवणीच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, या गाडीत नाही. तरी पाय जातोच.

"दाबलास ना?"

"छे!"

११ मे

शेवटचा निर्णय देणाऱ्या समितीपुढे हजेरी. लांब टेबल, पलीकडे पाच जण. पुन्हा तोच प्रश्न. मी ते झकास उत्तर सुरू करतेय तोच नवरा म्हणतो, "हिला नाही जमणार."

टेबलाखाली माझा पाय गच्च!

"ही रडेल. चार दिवस धड जेवणार नाही. पण मुलासमोर नाही. त्याची बॅग नीट भरून देईल."

संपलं सगळं. घरी येऊन चपला भिरकावल्या. मग पुष्कळ बोलले. खिडक्या न लावता.

१९ मे

मंजूर!!

मॅडमचा फोन. "तुमच्या यजमानांमुळे बरं का. सहज जमेल म्हणणाऱ्यांचीच आम्हाला धास्ती असते."

नवरा म्हणतो, "सॉरी म्हण." म्हटलं नाही. त्याच्या चहात साखर मात्र जास्त घातली.

२ जून

आली! सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. तिची आई मोठ्या आजारपणात, घरी दुसरं कुणी नाही. पहिला तासभर घरभर हिंडली. मग विचारलं, "कुलूप कशाला?" दहा मिनिटांनी किल्ली शोधून माझ्या हातात आणून दिली. नवी जागा शोधायला हवी.

९ जुलै

किल्लीची सहावी जागा. चार मिनिटं!

२८ नोव्हेंबर

तिची आई बरी झाली. बॅग नीट भरली. हसत हात हलवला. तिला न्यायला आलेल्या मॅडमनी आज गाडी अगदी सरळ लावली होती, आरशात बघून हळूच काढली. वळणापलीकडे गेली तरी माझा उजवा पाय फुटपाथवर गच्च दाबलेला. नवरा म्हणाला, "उचल आता."