रतनबाईंची हरकत

१० जानेवारी १९८३, सोमवार
पहिल्याच दिवशी फजिती! महिला मंडळाच्या विमलाताई म्हणाल्या होत्या, "अनुपमा, मुलुंडच्या निर्वासित कॅम्पातल्या बायकांना जरा लिहायला शिकव गं. निरक्षर आहेत बिचाऱ्या." मी आपली पाट्या, खडू घेऊन हजर. बराकीत अकरा सिंधी बायका, सगळ्या आईच्या वयाच्या. फाळणीत आल्या त्या इथेच राहिलेल्या.

मी फळ्यावर मोठ्ठा 'अ' काढला. "म्हणा, अ!"

पुढच्या रतनबाई उठल्या, माझ्या हातातून खडू घेतला आणि फळ्याच्या उजव्या टोकाकडून भराभर अख्खी ओळ लिहिली. सिंधीत! शिकारपुरात चौथीपर्यंत शिकल्यात म्हणे. "पढना आता है, बेटी. बस, तुम्हारा मराठी कागद नहीं आता."

सगळ्या खो खो हसल्या. मीही. मग मला पापड आणि पाणी दिलं. निरक्षर कोण ते कळलं — मला त्यातलं एक अक्षर वाचता आलं नाही!

१४ जानेवारी, शुक्रवार
तिळगूळ नेला. "गोड गोड बोला" अकरा जणींनी एकसुरात म्हटलं. आणि लगेच जागेवरून भांडल्या!

१७ जानेवारी, सोमवार
वर्ग सुटल्यावर रतनबाई थांबल्या. सरकारी पाकीट. बराकीतल्या खोल्या आता राहणाऱ्यांच्या नावावर होतायत, त्याची सुनावणी — ३ फेब्रुवारी. सोबत एका अर्जाची नक्कल. मी वाचून दाखवली: 'माझे पती वारले असून, ही खोली माझे दीर श्यामसुंदर यांच्या नावे करण्यास माझी हरकत नाही.' खाली अंगठा.

अंगठा त्यांचाच. शेजारच्या खोलीतल्या दिराने रेशनकार्डाचं काम आहे म्हणून घेतलेला. "मैं सही करती थी. बोला, मराठी कागदपे अंगूठाच लगता है."

मला रडू येईल असं वाटलं. त्यांना नाही आलं. मी म्हटलं, मी येते, साहेबांना सगळं वाचून दाखवते.

"तू नको वाचू. मेरेको सिखा. उधर मैं पढेगी."

सतरा दिवस! वाट लागली!

२४ जानेवारी, सोमवार
आज वर्ग बाजारात! अकरा जणी आणि मी, दुकानांच्या पाट्या वाचत निघालो. जानकीबाईंनी मोठ्यांदा वाचलं — "येथे जा-हि-रा-ती ला-वू न-ये." आणि त्याच्यावरच चार जाहिराती चिकटवलेल्या! भर रस्त्यात पोट धरून बसल्या. भाजीवाला म्हणाला, काय झालं यांना? मी म्हटलं, साक्षर झाल्या!

२९ जानेवारी, शनिवार
जोडाक्षरं. देवा.

३ फेब्रुवारी, गुरुवार
खूप रात्र झालीय. तरी लिहितेच!

कचेरीत मी आणि रतनबाई आत, बाकी दहा जणी व्हरांड्यात. श्यामसुंदर इस्त्रीचा शर्ट घालून. "भाभी अनपढ आहे साहेब. या मुलीने भडकवलीय."

साहेब मला म्हणाले, "आपण कोण?"

"मास्तरीण," म्हटलं. आवाज फाटला.

रतनबाईंनी कागद ओढून घेतला. अक्षराखाली बोट ठेवून वाचायला लागल्या. इतकं हळू! साहेबांनी घड्याळ बघितलं. मी जीभ चावून उभी — सांगायचं नाही, सांगायचं नाही! "ह... हर... हरकत... ना-ही." थांबल्या. मान वर केली.

"साहेब, हरकत है! बहुत हरकत है!"

मग पेन मागितलं. कागदाच्या उजवीकडून सिंधीत सही, डावीकडून मराठीत. दोन्ही नावं मधोमध एकमेकांना भिडली! साहेबांनी दोनदा निरखून बघितलं. मग श्यामसुंदरला एवढंच विचारलं, "ह्या अनपढ?" संमती रद्द. खोली रतनबाईंच्या नावे.

आणि मी शिट्टी वाजवली. कचेरीत! दोन बोटं तोंडात घालून! व्हरांड्यातून टाळ्या, शिपाई धावत आला.

घरी सांगितलं तर आईने कपाळावर हात मारला. बाबा गिरणीच्या संपामुळे घरीच, चहा गाळत होते. म्हणाले, "कशी वाजवलीस? दाखव बघू."

५ फेब्रुवारी, शनिवार
अजून पाय जमिनीवर नाहीत. सकाळी मी शिकवते त्या बालवाडीत पोरांना उजवीकडून 'अ' शिकवला!

७ फेब्रुवारी, सोमवार
वर्गात बारावी बाई आली. श्यामसुंदरची बायको. दारातच उभी. ओठ फुटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. हरल्याचा राग तिच्यावर काढला त्याने. माझ्या हातातला खडू तसाच राहिला.

रतनबाई उठल्या. कमरेची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

"खोली मेरे नाम है ना? आजसे तू मेरे साथ रहेगी."