मैदानावर मला काही कळत नाही

रेगेन्सबर्ग, जर्मनी,
१३ एप्रिल २०२६

ती. ऊर्मिलावन्सं यांना,
वल्लरीचा सा. नमस्कार.

तुम्ही पाठवलेल्या कुरडया पोचल्या. कस्टमवाल्यांनी एक पिशवी फोडून पाहिली, बाकी सगळं शाबूत आहे. तुमच्या भावाची साखर आटोक्यात आहे, पायाची जखमही भरली. दर सोमवारी हे पांढरी काठी घेऊन चालायच्या ट्रेनिंगला जातात, तेवढ्या वेळात लिहिते आहे. फोनवर काही बोलता येत नाही. डोळे गेल्यापासून ह्यांचे कान घरभर असतात.

गौरांग बापाशी का बोलत नाही, असं तुम्ही दोनतीनदा विचारलंत. ड्युसेलडॉर्फला शिकायला गेलाय, अभ्यास असतो, असं मी सांगितलं. तुम्हाला ते पटलं नाही. मलाही पटलं नसतं.

काल सीझनची पहिली मॅच होती. दिसत नसलं तरी ह्यांना बेसबॉलला जायचंच असतं, आणि मी नेते. मराठी मंडळातल्या बायका माझं कौतुक करतात. तुम्हीही गणपतीत सगळ्यांना सांगितलंत म्हणे, वल्लरी होती म्हणून हृषी तरला.

लग्नानंतर पहिल्याच मॅचला मी ह्यांना विचारलं होतं, हा मुलगा बॅट टाकून का पळतोय, रनआउट होईल की. मी क्रिकेटवेड्या घरातली, बॅट क्रीजमध्ये टेकवायची एवढंच ठाऊक. हे हसले. नुसते हसले असते तर मी विसरले असते. पण प्रत्येक दिवाळीला, मंडळाच्या प्रत्येक जेवणाला, गौरांगच्या मित्रांसमोरसुद्धा तो किस्सा झालाच. तुम्ही इथे आलात तेव्हा तुम्हालाही सांगितला, आणि हसून हसून तुम्हाला पदराने डोळे पुसावे लागले. त्यानंतर मी खेळाबद्दल काहीही विचारलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं, राहू दे, तुला नाही कळायचं.

मला कळलं, वन्सं. इतकी वर्षं दर रविवारी त्याच बाकावर बसल्यावर कुणालाही कळेल. पिचरचा खांदा बघून मी सांगू शकते, बॉल वळणार की सरळ येणार. हे ह्यांना माहीत नाही.

आता हे माझा हात धरून बसतात आणि विचारतात, काय झालं? मी म्हणते, बॉल गेला कुठेतरी. कुठे? तिकडे. कोण पळालं? एक उंच मुलगा. अगं, नीट सांग ना, म्हणून गयावया करतात. अहो, मला कुठे कळतं त्यातलं, मी म्हणते. घरी इन्सुलिन, जेवण, नखं कापणं सगळं वेळच्या वेळी होतं, त्यात कुणी बोट दाखवू शकणार नाही. मैदानावर मात्र मला काही कळत नाही.

गेल्या जूनमध्ये बाहेरगावी गौरांगची मॅच होती. दोन्हीकडचे पालक एकत्रच बसलेले, त्यामुळे कोण कशासाठी ओरडतंय ते नुसतं ऐकून समजत नव्हतं. शेवटच्या इनिंगला गौरांगने बॉल कुंपणापलीकडे मारला. त्याचा पहिला होम रन. तो लहान असल्यापासून हे त्या एका फटक्याची वाट बघत होते. ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“आपला गौरांग होता ना? काय झालं?”

“झेलला त्यांनी,” मी म्हणाले.

मॅच आपण हरलोच, त्यामुळे अभिनंदनाला कुणी आलं नाही. गौरांग हेल्मेट हातात घेऊन धापा टाकत थेट ह्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. ह्यांनी त्याला कधी शाब्बास म्हटलेलं नाही, कायम कोपर चुकलं, पाय चुकला. ह्यांनी चाचपडत त्याचा खांदा शोधला आणि इतक्या मऊ आवाजात बोलले, की मी तो आवाज कधी ऐकला नव्हता.

“होतं रे असं. पुढच्या वेळी नीट लागेल.”

गौरांग बघत राहिला. एवढं करूनही बापाला कमीच पडलं, असं त्याला वाटलं. “गेनाऊ, पप्पा,” म्हणाला, म्हणजे ‘अगदी बरोबर’, आणि बॅग उचलून निघून गेला. ऑक्टोबरमध्ये घरही सोडलं. मला रोज फोन करतो.

मी दोघांच्या मध्ये उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. मी थर्मासचं झाकण लावत राहिले. मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. हे अजून विचारतात, मी तर त्याला धीर दिला, मग पोरगा रुसला कशाने? हळवा आहे तो, मी सांगते.

आता तुम्हाला सगळं माहीत आहे. भावाला सांगायचं असेल तर जरूर सांगा, फोन मीच त्यांच्या कानाला लावून देईन. फक्त फोन ठेवल्यावर त्यांना कुणाच्या हातचं जेवायचं आहे आणि कुणाच्या हाताला धरून जिना उतरायचा आहे, तेवढं लक्षात असू द्या. गौरांगला सांगाल तर तो माझ्याशीही बोलायचा थांबेल, आणि मग ह्या घरात त्याचं कुणीच उरणार नाही. गप्प राहिलात, तर आपण दोघी सारख्याच.

खाली काठीचा आवाज आला, आवरते. उत्तर अगदी सविस्तर पाठवा, हवं तर भावाच्या नावाने पाठवा. ह्यांची पत्रं ह्यांना मीच वाचून दाखवते.

तुमची,
सौ. वल्लरी