मनगटावरचे वळ

३ जानेवारी

जामीन झाला. अट अशी — घराकडे फिरकायचं नाही, बायकोला भेटायचं नाही, लेकीशी बोलायचं नाही. मुक्काम दुकानात, फळ्या आणि भुशाच्या शेजारी. पासष्टाव्या वर्षी मला घराबाहेर काढायला अख्खं कोर्ट लागलं, हेही नसे थोडके!

आरोप मारहाणीचा आणि कौटुंबिक हिंसाचाराचा. कागद वाचून मलाच माझी भीती वाटली.

४ जानेवारी

लेक खोटं बोललेली नाही, हे इथे लिहून ठेवतो. ती न कळवता आली. दार उघडंच होतं. आत मी हिची दोन्ही मनगटं घट्ट धरलेली, आणि ही ओरडतेय — वाचवा, हा माणूस मला मारतोय! मनगटांवर वळ. दंडावर आदल्या आठवड्यातला काळानिळा डाग. लेकीच्या जागी मी असतो तर पोलिसांचीही वाट पाहिली नसती.

चाळीस वर्षं रंधा मारलेले हात आहेत माझे. धरलं की वळ उठतातच.

ही आता लेकीकडे आहे.

७ जानेवारी

वकीलसाहेब आले. जावयापेक्षाही लहान. मला शर्ट काढायला लावला! हातांवर ओरखडे, खांद्यावर चावा, पोटावर चहा सांडून भाजल्याचा डाग. सांडला कसला, तिनेच फेकलेला. शेजाऱ्यांना मी मांजराचं नाव सांगायचो. आमच्याकडे मांजर नाही.

मग सगळं बाहेर आलं. दोन वर्षं झाली. ऊन उतरलं की तिला मी ओळखू येत नाही. घरात परका शिरलाय म्हणून हाताला लागेल ते घेऊन अंगावर येते. तिला कुठे लागू नये म्हणून मी धरतो.

वकील हरखलेच. म्हणाले, काका, हे कोर्टात सांगा, केस तिथेच संपली.

मी नाही म्हणालो. ती शाळेची हेडबाई होती. अर्ध्या गावाला अक्षरं तिने शिकवली. त्यांच्यापुढे उभं राहून मी सांगू, की बाईंचं डोकं ठिकाणावर नाही? लेकीलाही कळू दिलं नव्हतं. तिचा फोन आला की आई झोपलीय, आई शेजारी गेलीय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत दिवस काढले.

८ जानेवारी

एक खुर्ची पुरी केली. डुगडुगते. उभ्या आयुष्यात असं काम केलं नव्हतं.

१५ जानेवारी

तारीख. लेक समोरच्या बाकावर होती, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बारीक झालीय. सरकारी वकील म्हणाले, नवऱ्याच्या धाकाने या बाईंची आठवण गेली. मी मूग गिळून बसलो.

जिन्यात वकीलसाहेब माझ्यावर कडाडले. "काका, तुम्ही आत गेलात तर बाईंकडे बघणार कोण?"

त्यांनी पुढची तारीख मागून घेतलीय, सव्वीसची. तोवर बोलायचं की नाही ते ठरवा म्हणे.

१९ जानेवारी

ओरखडे भरत आले. पुरावा चाललाय म्हणून वकील हळहळले. मला वेगळंच वाईट वाटलं. तिची फार आठवण येते. चहा फेकणारीचीसुद्धा.

२० जानेवारी

अजून ठरत नाही.

२३ जानेवारी

लेकीचा फोन! बंदी असताना. मागे हिचा आरडाओरडा, काहीतरी खळ्ळकन फुटलं. लेक रडत होती.

"बाबा, आईला धरायचं तरी कसं? माझ्याही बोटांचे वळ उठले तिच्या हातावर."

मी म्हणालो, "धरू नकोस, बाळा. मी धरलं, तेच चुकलं. सव्वीसला कोर्टात सगळं सांगतो."