काळ्या छत्रीखाली काढलेले फोटो

प्रिय अहो,

कागदावरसुद्धा तुमचं नाव घेववत नाही, म्हणून एवढंच. उद्या पालघरच्या कोर्टात माझी साक्ष आहे. आज सकाळी देवापाशी दिवा लावला आणि काय मागितलं, माहीत आहे? बाळूभाऊजींचा उजवा हात खांद्यापासून सडून गळू दे! सख्ख्या दिरासाठी असं कोणी मागतं का? मी मागितलं. मग वाटलं, कोर्टात उभं राहण्याआधी तुमच्याशी बोलावं.

आईंचे ते राणीछाप रुपये. दर धनत्रयोदशीला चिंच-राखेनं घासायचे आणि पंचामृतात बुडवायचे, ही आपल्या घिवलीच्या घरची रीत. आई गेल्यावर तुम्ही म्हणालात, "अजून चार दिवाळ्या घासलेस तर राणीला नाक उरणार नाही." आणि बोईसरहून प्लास्टिकच्या गोल डब्या घेऊन आलात, रुपयाला एकेक, टक्‌कन झाकण बसणाऱ्या. मी चिडले. "लक्ष्मीला प्लास्टिकात कोंडतात का? आणि एवढ्यात आठवड्याचे कांदे आले असते!"

"कांदे सडतात गं," म्हणून हसलात. त्या हसण्याचा मला तेव्हा किती राग आला होता!

मग फोटोंचं खूळ. ओटीवर पाट, पाटावर डबी, वर वाकलेले तुम्ही, हातात मोबाइल. प्लास्टिकवर सगळंच उमटायचं. फोटोत राणी कमी, तुमचं टक्कल जास्त! म्हणून मी तुमच्या पाठीशी काळी छत्री उघडून उभी राहिले. सावली पडली की डबीतली चमक जायची आणि राणी दिसायची.

"हलवू नकोस!"

"हात भरून आला माझा. तुमच्या राणीला म्हणावं, आवर लवकर."

त्याच वेळी भाऊजी वाडीतून नारळ पाडून आले. कमरेला कोयता. त्यांनी काय पाहिलं? दादा आणि वहिनी दार लोटून छत्रीआड वाकलेत, आईचे रुपये डब्यांत भरलेत आणि मोबाइलवर फोटो चाललाय. डबीत घालून फोटो काढतात ते विकायलाच, एवढंच त्यांना ठाऊक.

"दादा, आईची लक्ष्मी विकायला काढलीस? आमी काय मेलो हाय?"

अहो, तो फोटो मोठा करून, चौकट लावून भाऊजींच्याच देव्हाऱ्यासाठी द्यायचा होता ना? रुपये थोरल्याकडे राहिले, धाकट्याच्या घरी लक्ष्मी नाही, ही खंत तुमचीच होती. मग तेवढं एक वाक्य का नाही बोललात? त्यांनी डबीवर टाच दिली, प्लास्टिक कडकन फुटलं, आणि तुमच्या तोंडून निघाली ती शिवी. मग थप्पड. पहिला हात तुमचा, अहो! तुमचाच!

भाऊजींनी कमरेचा कोयता उपसला. पहिल्या घावानं छत्री फाटली, तिची काडी माझ्या गालात घुसली. दुसरा तुमच्या मानेत बसला. शहाळं छाटल्यावर पाणी उसळतं तसं रक्त उसळलं, माझ्या तोंडावर, भिंतीवर. मी भाऊजींच्या मनगटाला चावले, हाडाला दात लागेपर्यंत चावले. कोयता सुटला, पण उशीर झाला होता. तुम्ही पाटावर पालथे पडलात आणि अंगाखाली डब्या फुटत राहिल्या. आता पानातला पापड मोडला तरी घास उतरत नाही.

आणि तेच भाऊजी गुडघ्यावर बसून तुमची मान दोन्ही हातांनी दाबत होते. "दादा, बोल ना रे! बोल!" आता कसं बोलणार?

काल चुलत सासरे आले होते. भाऊजींनी पोलिसांना सांगितलंय, दादा घसरून कोयत्यावर पडला. मीही तेच म्हणावं.

"सूनबाई, एक गेला. दुसऱ्याला पण घालवतेस काय? बघायला कोण होता?"

"मी होते."

"तू घरची हायस."

"घरची होते म्हणून तर पाहिलं."

म्हातारा उठला. उंबऱ्यावरून म्हणाला, "मग थप्पड पण सांग! तुझाच नवरा मारका ठरेल, बघ."

हे मात्र लागलं. दिवसभर मनात घोळतंय. थप्पड गाळली तर कोणाला कळणार? तुम्ही देवासारखे राहाल आणि भाऊजी आणखी काळे दिसतील. माझ्यातल्या रागाला तेच हवंय. खोटं नाही सांगत, फार हवंय!

पण शपथ देवाची घ्यायची आहे. तेव्हा ऐका. उद्या मी तुमची शिवी सांगेन, तुमची थप्पड सांगेन. मग कोयता सांगेन, दोन्ही घाव, कुठे कुठे बसले ते. भाऊजी तुमची मान दाबत रडले तेही सांगेन. लोक तुम्हाला तापट म्हणतील. म्हणू देत. वर बसून माझ्यावर रागवा हवं तर, पण तुम्हाला चांगलं ठरवायला मी खोटं बोलणार नाही. तुम्ही चांगलेच होतात.

तुमचीच,
सुमन